‘नाच्याला वेगळे २ रुपये’ : नागपूरच्या नाट्य, साहित्य आणि संगीत संस्थांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील नाट्य, साहित्य आणि संगीत संस्थांचे पदाधिकारी,
तसेच विद्यापीठात मराठी आणि ललित कला शिकवणारे प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर एक लांबट वही उघडी आहे. लाल कापडाची बांधणी, उंदरांनी कुरतडलेले कोपरे, तपकिरी पडलेली शाई. मौदा तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडईचा १९५२ सालचा जमाखर्च तिच्यात लिहिलेला आहे. मंडई म्हटलं की पुण्यामुंबईच्या माणसाला भाजी आठवते. आमच्याकडे मंडई म्हणजे भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा बाजार आणि रात्री गंमत, दंडार अशी लोकनाट्यं नाहीतर नाटक. खर्चाच्या बाजूला लिहिलंय : ‘गंमतवाले १४ रुपये. गॅसबत्ती भाडे ३ रुपये. विडी-तंबाखू दीड रुपया. नाच्याला वेगळे २ रुपये, पावले.’ त्या ‘पावले’च्या खाली एक सही आहे. पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. आडनाव नाही, नुसतं नाव.

ती सही माझ्या लहान्या आबाजींची. माझ्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. दिवसा विड्या वळायचे आणि दिवाळी ते होळी, हंगामभर, खडी गंमतीत बाईचं सोंग घेऊन नाचायचे. ते गेल्यावर वीस वर्षांनी, २०११ साली, गावातलं एक जुनं घर पाडायला काढलं. मंडईचा कारभार त्या घरात असायचा. तिथल्या नातवानं जुन्या वह्यांचा ढीग रद्दीत घालण्याआधी मला बोलावलं म्हणून ही वही हाती लागली. लहाने आबाजी कलावंत होते याचा हा एकमेव लेखी पुरावा.

हे पत्र त्या वहीमुळे लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांकडे एक मागणं आहे. त्याआधी थोडं सांगावं लागेल.

खडी गंमत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तरी मराठीच्या पाठ्यपुस्तकात तमाशा येतो, दशावतार येतो आणि आमची गंमत एखाद्या ओळीत उरकली जाते, म्हणून लिहिते. ‘खडी’ म्हणजे उभ्यानं. शाहीर, झीलकरी, ढोलकीवाला, डफवाला, तुणतुण्यावाला आणि नाच्या, सगळे रात्रभर उभे. पडदा नाही, रंगमंच नाही, लोक सभोवार बसलेले. आधी गण, मग गवळण, मग लावण्या, पोवाडे, आणि रात्र चढली की सवाल-जवाब. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की त्याला ‘दुय्यम’ म्हणायचं, आणि दुय्यमला पाच-पाच कोसांवरून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. शाहिराला पुराणं तोंडपाठ लागत. समोरच्यानं भागवतातला एखादा प्रश्न टाकला तर जागच्या जागी कवनात उत्तर द्यायचं. ज्याला लिहिता येत होतं तो चोपडी ठेवायचा. ज्याला येत नव्हतं त्याचं सगळं डोक्यात. तो माणूस गेला की कवनंही गेली.

नाच्याचं काम सर्वांत अवघड. तो नुसता नाचत नव्हता. शाहीर कवन जुळवत असताना लोकांना धरून ठेवायचं, समोरच्या पार्टीची फिरकी घ्यायची, पाटलाचा मान राखूनच त्याला चिमटा काढायचा, हे त्याच्याकडे. लहाने आबाजी नऊवारी नेसायला दोन मिनिटं लावायचे, असं माझी आई सांगायची. पायात चाळ बांधले की तोच माणूस वेगळा दिसायचा, हेही तीच सांगायची, पण आवाज खाली आणून. घरात हा विषय मोठ्यानं निघत नसे.

का निघत नसे, हा प्रश्न मला जन्मभर छळत आला. बालगंधर्वांनी शालू नेसला तर महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला, आणि तो घेण्याजोगाच होता. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना तेव्हा हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी लुगडं नेसून ‘राजा हरिश्चंद्र’ची नायिका उभी केली. पुढं १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. सिनेमाच्या इतिहासात त्यांची निदान नोंद तरी आहे. मग गावच्या पटांगणात, गॅसबत्तीच्या उजेडात, विडीच्या धुरात तेच काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला फक्त टोमणे का आले? आत्याचं लग्न ठरायच्या वेळी आजीनं लहान्या आबाजींची पेटी मागच्या अंगणात नेऊन जाळली. लुगडी, चाळांचे पट्टे, चोपडी आणि मौद्याच्या बाजारात काढलेला एक फोटो. ‘नाच्याच्या घरची पोरगी’ म्हणून सोयरीक मोडली असती. आजीला मी दोष देत नाही. तिला तेव्हा पोरीचं लग्न करायचं होतं. लहाने आबाजी ओसरीवर बसून पेटी जळताना बघत होते आणि विड्या वळत होते. त्यांचं स्वतःचं लग्न झालंच नाही.

१९८७ च्या सुमारास मी त्यांना मानधनाचा अर्ज करायला लावला. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आपल्याकडे १९५४-५५ पासून आहे. तेव्हा मी शाळेत नुकती कायम झाले होते, सरकारी कागदांवर माझा विश्वास होता. वयाचा दाखला मिळाला, रहिवासी दाखला मिळाला, उत्पन्नाचा दाखला तर तलाठ्यानं हसतच दिला. अडलं ते एका ओळीवर : कलाक्षेत्रातील कार्याचे पुरावे. वर्तमानपत्राचं कात्रण, छायाचित्र, प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका. आम्ही गावातली दोन म्हातारी माणसं घेऊन त्या कार्यालयात गेलो. एकानं सांगितलं, ‘साहेब, मी याची गंमत तीस वर्षं पाह्यली.’ दुसऱ्यानं कुठल्या साली कुठल्या गावी कोणत्या पार्टीशी दुय्यम झाली ते मोजून दाखवलं. समोरचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, साक्षीदाराची तरतूद नाही, कागद आणा.

परत येताना एस.टी.त मी म्हटलं, ‘आबाजी, तुम्ही सांगा, मी सगळं लिहून काढते.’ ते म्हणाले, ‘माह्यं काय लिहून ठेवतं बाई? मी का बालगंधर्व हाव काय?’ मी लिहिलं नाही. पुढच्या सुट्टीत लिहू म्हणत राहिले. १९९१ च्या पावसाळ्यात ते गेले.

आज तीच योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. वय ५० च्या पुढं हवं आणि कलेत किमान १५ वर्षं घालवलेली हवीत. चांगली योजना आहे, तिची कुचेष्टा करायची नाही. पण ती १५ वर्षं सिद्ध करायचं ओझं कलावंताच्या खांद्यावर आहे, आणि ज्याची कला रात्री सुरू होऊन पहाटे विरून जाते त्याच्याकडे कागद कुठून येणार? माझ्या हातातल्या वहीनं मला दाखवलं की कागद असतो. पण तो कलावंताच्या घरी नसतो. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, दुसऱ्याच कशाच्या तरी नावाखाली पडलेला असतो. हीच गोष्ट तुमच्यापुढं मांडायला हे पत्र.

विसरायला माणूस खेड्यातला नाच्याच असावा लागतो असं नाही. शहरातले, शिकलेले, सिनेमापर्यंत पोचलेलेही विसरले गेले. मागच्या महाराष्ट्र दिनाला मी माझ्या जुन्या शाळेत गेले होते. मुलांनी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत सुरेख म्हटलं. मी आठवीच्या वर्गात विचारलं, हे लिहिलं कुणी? बरेच हात वर झाले, उत्तर एकच : शाहीर साबळे. साबळ्यांनी ते गायलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल लावली. लिहिलं राजा बढे यांनी, आणि राजा बढे नागपूरचे, १९१२ साली इथंच जन्मले. २०२३ च्या शिवजयंतीपासून त्यांची दोन कडवी सगळ्या महाराष्ट्रात म्हटली जातात आणि त्यांच्याच गावातल्या पोरांना त्यांचं नाव ठाऊक नाही. शिक्षकांनाही नव्हतं, हे लिहिताना जीभ जड होते, कारण मीही त्यांच्यातलीच. ज्या माणसानं हे वीररसाचं गीत लिहिलं त्यानंच सुलोचना चव्हाणांच्या आवाजातली ‘कळीदार कपुरी पान’ ही लावणी लिहिली, आणि ज्योत्स्ना भोळ्यांनी गायलेलं ‘माझिया माहेरा जा’ही. एकाच लेखणीतून पोवाडा, लावणी आणि सासुरवाशिणीचं पाखराला घातलेलं साकडं उतरलं. इतकी मोठी झेप घेणारे गीतकार मराठीनं फार थोडे पाहिलेत असं माझं ठाम मत आहे. १९७७ मध्ये ते गेले. त्यांची हस्तलिखितं, आकाशवाणीच्या दिवसांतला पत्रव्यवहार, एकत्र बघता येईल अशी एखादी खोली या शहरात असायला हवी होती.

स्नेहप्रभा प्रधान याही नागपुरात जन्मलेल्या. १९४२ चा ‘पहिली मंगळागौर’ हा चित्रपट आज कुणाला आठवतो? आठवतो तो एवढ्यासाठीच की लहानग्या लता मंगेशकर त्यात दिसल्या आणि गायल्या. नायिका स्नेहप्रभा होत्या, नायक शाहू मोडक. सिनेमा नायिकेचा, आठवण पाहुणीची. लताबाईंची आठवण निघावीच, पण नायिकेला वगळून कशी? त्याआधी १९४० मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘पुनर्मिलन’मध्ये त्या किशोर साहूंसमोर उभ्या राहिल्या. किशोर साहू आपल्याच विद्यापीठाचे पदवीधर. म्हणजे नागपूरच्या मातीशी नातं असलेली दोन माणसं हिंदुस्थानातल्या सर्वांत नामांकित स्टुडिओच्या एका चित्रपटात नायक-नायिका होती. पुढं त्यांचं लग्न झालं, मोडलं, कोर्टकचेरी झाली, आणि लिहिणारे तेवढंच लिहीत बसले. स्नेहप्रभांनी स्वतः ‘स्नेहांकिता’ हे आत्मचरित्र लिहिलं. एका नटीनं स्वतःच्या आयुष्याबद्दल इतकं मोकळं लिहावं हे त्या काळात सोपं नव्हतं. माझ्याकडची प्रत एका रद्दीवाल्याकडून विकत घेतलेली आहे.

साहूंचंही तसंच. देविकाराणींसोबत १९३७ मध्ये ‘जीवनप्रभात’, १९४२ मध्ये दिग्दर्शक म्हणून ‘कुंवारा बाप’, १९५४ मध्ये थेट शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ हिंदीत, तोही स्वतः हॅम्लेट होऊन. ‘गाईड’मधला तो पुराणवस्तूंत बुडालेला कोरडा नवरा मार्को सगळ्यांना आठवतो, तेच हे किशोर साहू. १९८० मध्ये ते वारले. त्यांनी लिहून ठेवलेलं हिंदी आत्मचरित्र छापून यायला त्यानंतर साडेतीन दशकं लागली. छापून आलं, कारण घरच्यांनी बाड जपलं. ज्यांच्या घरी बाड जपायला पेटी नाही, माळा नाही, कोरडी भिंत नाही, त्यांचं काय?

वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ते योग्यच आहे. पण वसंतरावांना लहानपणी नागपुरात ज्यांनी सूर दिला ते शंकरराव सप्रे गुरुजी कितीजणांना माहीत? त्याच मुलाला १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण केलं, हे त्या सभागृहात तिकीट काढून बसणाऱ्या किती प्रेक्षकांना माहीत? दारव्हेकर मास्तरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ पासून गाजतंय. नाटक नागपूरच्या माणसाचं, त्यातले खाँसाहेब इथंच वाढलेल्या वसंतरावांनी उभे केलेले. त्या पिढीच्या नाटकांत मागं उभं राहून दिवे सांभाळणारे, रंग लावणारे, मुंबईची कंपनी आली की रात्रीत सेट उभा करून देणारे लोक कोण होते? धनवटे रंगमंदिर पडलं आणि त्या जागी नवं संकुल उभं राहिलं तेव्हा आपण सगळे हळहळलो. मीही त्या रंगमंदिरात घामानं भिजून नाटकं पाहिली आहेत. भिंती पडल्याचं दुःख झालं, पण विंगेतल्या माणसांची नावं त्याआधीच हरवून बसलो होतो.

आता ज्या कागदांबद्दल बोलले त्यांच्याकडे वळते, कारण सगळं तिथंच अडलंय.

वहीनंतर मी गेली बारा-तेरा वर्षं शोध घेत फिरते आहे. माझ्या लक्षात आलं की कलावंताचं नाव कलेच्या कागदावर क्वचित असतं, हिशोबाच्या कागदावर हमखास असतं. मंडई समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या. सार्वजनिक गणेशोत्सवांच्या स्मरणिका आणि वर्गणीच्या याद्या. लाउडस्पीकर लावण्यासाठी घेतलेले पोलीस परवाने. हँडबिलं छापणाऱ्या छापखान्यांच्या ऑर्डर-बुका. सी.पी. अँड बेरारमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, १९३६ साली करमणूक कराचा कायदा आला. कर आला म्हणजे अर्ज आले, माफीचे अर्ज तर आलेच, आणि अर्जावर कार्यक्रमाचं ठिकाण, तारीख, करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली. तिथं गायला, बोलायला गेलेल्या प्रत्येकाला करारपत्र मिळालं, आणि ते पत्र कित्येक घरांत देवघरातल्या पोथीसोबत बांधून ठेवलेलं मी पाहिलंय. तिकीट लावून होणाऱ्या नाटकाला सरकारी परवानगी लागते, म्हणून संहितेच्या प्रती जमा झाल्या. यातलं काही अभिलेखागारात असेल, बरंचसं घरांत आहे, आणि घरं रोज पाडली जात आहेत.

दुसरी खाण दीक्षाभूमीवर होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांची जी रांग लागते तिच्यात एके काळी गीतांच्या आठ-आठ, सोळा-सोळा पानी पुस्तिका आणि कॅसेटी ढिगानं असायच्या. वामनदादा कर्डकांचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. पण त्यांच्या मागंपुढं वस्तीवस्तीत, इंदोऱ्यात, पाचपावलीत, कव्वालीचे सामने रंगवणारे कितीतरी भीमशाहीर होते, आणि त्यांची नावं फक्त त्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर आहेत. पातळ वर्तमानपत्री कागद, एक स्टेपल. माझ्याकडे अशा एकेचाळीस पुस्तिका आहेत. ज्यांच्याकडून मिळाल्या त्यातल्या एका आजींनी सांगितलं, त्यांच्या यजमानांनी चाळीस वर्षं गायलं, गिरणीत नोकरी करून. त्यांच्या कॅसेटवर बुरशी चढली आहे. ती साफ करणं हे तंत्र आहे, मला येत नाही. तुमच्यापैकी कुणाला तरी येत असेल.

सिनेमाच्या बाजूनं तर आपण काहीच जपलं नाही. व्हरायटी चौक म्हणताना तिथं कधी व्हरायटी टॉकीज होतं याची जाणीव नव्या पोरांना नाही. या भागाच्या सिनेमाचं वितरण अमरावती आणि भुसावळच्या कचेऱ्यांमधून चालायचं, डब्यांतली रिळं रेल्वेनं यायची, आणि एकच प्रिंट दोन थिएटरांत चालत असली की सायकलवरून रीळ पोचवणारा पोऱ्या हा त्या धंद्यातला सर्वांत घाईचा माणूस. ऑपरेटर, पडद्याचे पेंटर, टांग्यात बसून कर्ण्यावरून ‘आज शेवटचे तीन खेळ’ ओरडणारे. करमणुकीच्या इतिहासात ही माणसं धरायची की नाही यावर वाद होईल. माझं उत्तर स्वच्छ आहे : धरायची.

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, मात्र वेगळं आहे. तिथं कला अजून जिवंत आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आजही नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या थाटतात, दिवाळी ते होळी रात्र-रात्र नाटकं होतात, तिकीट काढून लोक थंडीत घोंगडी पांघरून बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० वेगवेगळ्या भूमिका, पाच हजारांवर प्रयोग. आनंद झाला. पण पद्मश्रीचा कागद त्यांच्यापर्यंत पोचला म्हणून त्यांच्याबरोबर पाच हजार रात्री उभ्या राहिलेल्या पेटीवाल्यांची, स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांची आणि पुढं धाडसानं रंगमंचावर आलेल्या बायकांची नोंद झाली, असं होत नाही. जोवर प्रयोग होत आहेत तोवर हँडबिलं छापली जात आहेत. ती आजच गोळा करता येतील. हंगाम संपला की शेंगदाण्याच्या पुड्या होतात त्यांच्या.

माझं मागणं आता सांगते. मोठं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी एका संस्थेनं, किंवा तिघाचौघांनी मिळून, एक कोरडी खोली द्यावी. तिथं एक स्कॅनर, एक कपाट, आणि अर्धवेळ का होईना, एक शिकलेलं माणूस असावं. ग्रंथपालन केलेली कितीतरी मुलं या शहरात कामाच्या शोधात आहेत. महिन्यातल्या एका रविवारी लोकांनी आपापल्या घरचे कागद घेऊन यावं. कागद स्कॅन करून त्याच दिवशी परत द्यावा. ज्यांना ठेवून घ्या म्हणावंसं वाटतं त्यांचाच ठेवून घ्यावा, आणि ठेवून घेतला तर पावती द्यावी.

पावतीचा आग्रह मी मुद्दाम धरते. २००६ साली एका प्रदर्शनासाठी मी आमच्या भागातल्या एका जुन्या शाहिराच्या दोन चोपड्या, त्यांच्या मुलाकडून मागून, एका संस्थेला दिल्या होत्या. नाव घेत नाही. माणसं चांगली होती, हेतू चांगला होता. प्रदर्शन झालं, संस्थेचं कार्यालय हललं, पदाधिकारी बदलले, आणि चोपड्या कुठं गेल्या हे कुणालाच सांगता येईना. पावती नव्हती. त्या मुलाच्या दारात मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘जाऊ द्या मॅडम, माझ्या बापाचंच नशीब तसं.’ त्याच्या घरावरून जायचा रस्ता मी आजही टाळते. त्या चोपड्यांत शंभराच्या वर कवनं होती. मी त्यातली सात उतरवून घेतली होती. सातच.

त्याच खोलीतून प्रत्येक कलावंताचं एक पान तयार व्हावं. गाव, कला, कोणती भूमिका किंवा वाद्य, साधारण कोणती वर्षं, कुणाबरोबर, आणि हे कशावरून म्हणतो त्या कागदाची नक्कल. साक्षीदार जिवंत असतील तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं, तारीख घालून. त्या पानावर तुमच्या संस्थेचा शिक्का असला की मानधनाच्या अर्जाला जोडायला ते कामी येईल. कार्यालयातल्या माणसाला कागद हवा असतो ना, मग तो आपण तयार करायचा, खराखुरा, तपासून. संशोधनही होईल आणि एखाद्या म्हातारीच्या औषधाचीही सोय होईल. दोन्ही एकाच पानानं. प्राध्यापकांना माझी विनंती की दरवर्षी पदव्युत्तर वर्गातल्या एकेका विद्यार्थ्याला एकेक गाव द्या. मुलांच्या प्रकल्पांची विषयसूची मी बघते, गाजलेल्या दहा नाटककारांवर पुन्हा पुन्हा तेच लिहिलं जातं. मौदा, कुही, रामटेक, पारशिवनी, कामठी, एवढे पाच तालुके घेतले तरी एका पिढीला काम पुरेल.

आणि घाई करा. १९६० साली वीस वर्षांचा असलेला ढोलकीवाला आज ऐंशी ओलांडून गेलाय. मागच्या कार्तिकात मी कुहीकडं एका नाच्याला भेटले. लहान्या आबाजींना त्यांनी लहानपणी पाहिलेलं. मला आत बोलवायच्या आधी त्यांनी सुनेला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मग बोलले. साठ वर्षं झाली तरी लाज गेली नाही. दोन तास बोलले. शेवटी उठून, भिंतीचा आधार घेऊन, गवळणीतला एक हात करून दाखवला, मनगट कुठं वळतं आणि नजर कुठं जाते ते. मोबाइलवर चित्रीकरण करू का, असं विचारलं तर नको म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, ‘मोठ्या जागी कोणी विचारलं तं करीन.’

तुम्ही ती मोठी जागा आहात. २०१९ मध्ये नव्व्याण्णवावं नाट्यसंमेलन याच शहरात झालं, प्रेमानंद गज्वींसारखा झाडीतला माणूस अध्यक्षपदी होता, शहर चार दिवस नाटकानं भरून गेलं होतं. एवढं उभं करण्याची ताकद तुमच्यात आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या तुलनेत एक खोली फार नाही.

खोली उघडाल त्या पहिल्या रविवारी मी येईन. सोबत १९५२ ची वही, एकेचाळीस पुस्तिका, शाहिराची सात कवनं, ‘स्नेहांकिता’ची प्रत आणि लहान्या आबाजींबद्दल मी आता, उशिरा, लिहून काढलेली बावीस पानं असतील. सगळं तुमच्याकडे ठेवायची माझी तयारी आहे. कुहीच्या त्या गृहस्थांनाही घेऊन येईन, तब्येतीनं साथ दिली तर. पावती तेवढी तयार ठेवा.

आपली,
महाल भागात राहणारी एक निवृत्त मराठी शिक्षिका
नागपूर